विळा घेऊन चालणारा

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी धावायला लागले. साताऱ्याची एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी करायची, असं ठरवलं होतं. घराण्यातली पहिली पदवीधर मी. ठरवलं की करते. रोज दिवस उगवताना शिराळ्याबाहेरच्या उसातल्या रस्त्यानं थोडं धावायचे, थोडं चालायचे.

तिथं एक माणूस माझ्या मागं यायचा. पासष्टीचा, खांद्यावर दोरी, हातात विळा. मी थांबले की तोही बांधाकडं बघत थांबायचा. वैरणीला चाललाय म्हणावं, तर परतताना दोरी मोकळीच. आठवडाभर पाहिलं. हा रस्ता सोडला तर सराव बुडणार, शर्यतही जाणार. शेवटी मी वळून उभी राहिले.

"रोज माझ्या मागं का येता हो?"

"आवं बाई, रक्तात साखर निघालीया. डॉक्टर म्हनला, चाला. पन बिनकामाचं चाललो की गाव हसतंय. 'काय म्हाताऱ्या, यष्टी चुकली व्हय?' हातात विळा असला की कोन इचारत न्हाई."

"मग पुढं निघून जायचं!"

"विळा घिऊन जवळ आलो, तर तुमी भ्याल की."

मला ते पटलं, पण पुरतं नाही. "आजपासून तुम्ही पुढं चला," मी विळ्यावरची नजर न काढता म्हटलं.

"बरं," म्हणून तो निघाला. मी मागून धावत होते, तो नुसता चालत होता, आणि आमच्यातलं अंतर वाढतच गेलं.