पान्हा सुटेना

उल्हासनगरला पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस रविवारी संध्याकाळी चामटोलीच्या एका पडीक शेतात रिमोटवर इंजिनाची छोटी विमानं उडवतो. मीही तिथेच शिकतोय. बोलताना तो समोरच्याकडे बघत नाही, बोटांनी हवेत स्क्रू पिळत राहतो. विमानाला कोणतं इंजिन घ्यावं, असं कोणीही विचारलं की उत्तर ठरलेलं. "टू-स्ट्रोक. हलकं, जोरदार, व्हॉल्व्हची झंझट नाही." ते फार किंचाळतं, असं मी एकदा म्हटलं.

"मग कानात कापूस घाला."

शेत तिथल्या एका मावशींचं, त्यांचा गोठाही बांधालगतच. एका रविवारी त्या येऊन म्हणाल्या, "दादा, तुमचं इमान उडाया लागलं का पान्हा सुटत नाय."

त्याने पान्ह्याऐवजी पाना ऐकला, नट पिळायचा. "थोडं घासलेट सोडा, जरा थांबा, सुटेल."

"म्हशीला?" मावशींनी विचारलं.

त्याची बोटं थांबली. मावशींनी सरळ सांगितलं, म्हैस दूध देणार नसेल तर शेत बंद. आम्हाला दुसरी मोकळी जागा नव्हती, आणि विमान उडवायला वारा पडावा लागतो, तो पडतो तीच धार काढायची वेळ.

पुढच्या रविवारी त्याने फोर-स्ट्रोक आणलं. जड, महाग, पण आवाज खर्जातला. इंजिन चालू ठेवून, विमान हातात धरून तो गोठ्याच्या दाराशी पाठमोरा उभा राहिला. आत बादलीत धार वाजली, तेव्हा कुठे त्याने विमान जमिनीवर ठेवलं.

"म्हणजे फोर-स्ट्रोक चांगलं?" मी विचारलं.

"टू-स्ट्रोकच," तो म्हणाला. "हे म्हशीचं आहे."