माणिकरावांनी कानशी कुलपात ठेवल्या

माणिकराव कंधारकरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मुलाखतीसाठी मी ते देगलूरहून लॅमिनेशन करून आणलं होतं. मजकुराकडे त्यांनी पाहिलंच नाही. चारी कडांवरून अंगठा गेला, एका कोपऱ्यावर थांबला, आणि ते कारखान्याच्या मालकांना, रेड्डीसाहेबांना म्हणाले, "इथं कच्चं आहे. पावसाळ्यात पाणी जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू नव्हे रे बाबा. लॅमिनेशन."

पुढे कळलं की हा अंगठा सगळीकडेच फिरतो. चहाचा ग्लास, बसच्या सीटची पट्टी, लग्नाची पत्रिका, काही सुटत नसे. धातू कापला की कडेला केसासारखी बारीक धार राहते. ती शोधून कानशीने काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. अंगठ्याची कातडी जाड, पिवळट झाली होती आणि तिच्यावर आडव्या बारीक रेघा होत्या.

माणिकराव चिक्कडपल्लीला राहत. निजामाच्या या शहरात घराणं त्याच्या काळापासून कोर्टकचेरीतलं. वडील वकील, थोरले भाऊ वकील, धाकटे शिक्षण खात्यात. मधल्या माणिकरावांनी मात्र कॉलेज सोडून एका सरकारी कारखान्याच्या टूलरूमची, म्हणजे हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या विभागाची, वाट धरली. तिथून निवृत्त झाल्यावर ते बालानगरच्या आमच्या छोट्या कारखान्यात देखरेखीला आले. "आमच्या घरात सगळे कागद वाचतात," ते म्हणायचे, "मी एकटा लोखंड वाचतो." त्यांची मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. "परेशान नको होऊ", "कायकू घाई करतो", "हौ", "नक्को" हे सगळं त्यांच्या मराठीत सहज मिसळलेलं असे. मी हसलो की म्हणायचे, "तुझी मराठी पुस्तकातली, माझी बसस्टॉपवरची. काम दोघींनी होतं."

माझे वडील देगलूरला कापडाच्या दुकानात नोकरीला होते. घरातला पहिला पदवीधर मी. नांदेडहून इंजिनिअर होऊन आलो, पण खरी कानस हातात धरली होती ती कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, मार्कांपुरती. रेड्डीसाहेबांनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम जमलं तर ठेवणार, नाही तर परत पाठवणार. गावात माझ्या नोकरीचे पेढे वाटून झाले होते, त्यामुळे परत जाणं मला शक्य नव्हतं. माणिकराव मला 'इंजिनिअर' म्हणत, आणि त्यात टोमणा किती आणि कौतुक किती हे मला कधी नीट कळलं नाही. मी त्यांना काका म्हणू लागलो. रविवारी ते घरी जेवायला बोलवत. काकू अंबाडीची भाजी नि भाकरी वाढत आणि काका ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवून मगच जेवायला बसत.

ती नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्याकडे पूर्वी सरकारी कारखान्यांचं काम यायचं, ते आटत चाललं होतं. दुसऱ्या बाजूला बाहेरच्या देशांशी व्यवहार खुला झाला होता. रेड्डीसाहेबांचे मेहुणे अमेरिकेत होते. त्यांच्या ओळखीने एके दिवशी फॅक्सवर एक चौकशी आली: पेंटबॉलच्या मार्करच्या बॉडी बनवाल का?

पेंटबॉल म्हणजे काय हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हतं. रेड्डीसाहेबांनी समजावलं. मोठी माणसं रानात दोन तट करून खेळतात. मार्कर म्हणजे पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र. त्यातून हवेच्या दाबाने रंगाची गोळी सुटते, ज्याच्या अंगावर फुटते तो बाद.

"म्हणजे होळी," माणिकराव म्हणाले.

"तसंच समजा."

"बारा महिने?"

"हो."

"मोठी माणसं?"

"हो हो, माणिकरावगारू." साहेब नावापुढे तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावत.

आमचे मुख्य फिटर युसूफभाई हळूच म्हणाले, "उस्ताद, बंदूक का मामला तो नहीं ना? पोलीस?" माणिकरावांनी वकील भावाला विचारून घेतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "भाऊ म्हणतो, कायदा नंतर पाहू, आधी मला एक आणून दे."

कामातली मेख वेगळीच होती. खेळणाऱ्याने बॉडी एकदाच घ्यायची आणि खालचा ट्रिगरचा भाग हवा तेव्हा बदलायचा. एका बोटाने ओढायचा चाप, दोन बोटांचा चाप, आणि बॅटरीवर चालणारा, असे तीन प्रकार. कोणताही ट्रिगर कोणत्याही बॉडीवर, घरी बसून, एका ॲलन-कीने, म्हणजे सहाकोनी वाकड्या चावीने, बसला पाहिजे. बॉडीच्या आत स्प्रिंगने ताणलेला एक दट्ट्या असतो. ट्रिगरच्या भागातून वर आलेली खिटी त्याला अडवून धरते. चाप ओढला की खिटी खाली जाते, दट्ट्या सुटतो, गोळी उडते. खिटी केसभर खाली राहिली तर दट्ट्या अडतच नाही, आणि यंत्र एकामागून एक गोळ्या सोडत राहतं.

ड्रॉइंग करायचं काम माझ्याकडे आलं. महिनाभर मान मोडून मी ते केलं. माणिकरावांनी ते पाहिलं, एका जागी थोडा वेळ थांबले, "बरं आहे" म्हणाले आणि गुंडाळून काखेत घेऊन गेले.

नमुने तयार झाले. आमच्याकडे जुळणीची एक जुनी पद्धत होती. दोन भाग एकमेकांवर बसले नाहीत तर फिटर कानशीचे दोन-चार हात मारी आणि बसवून देई. बसले की दोन्हींवर पंचाने एकच आकडा ठोकायचा: सातची बॉडी, सातचा ट्रिगर. त्यांची जोडी झाली. युसूफभाईंचा आणि काकांचा हात असा की जोडीत नखही शिरू नये. एकेक नमुना म्हणजे दागिना होता. रेड्डीसाहेबांनी देवाला नारळ फोडून पेटी पाठवली.

तीन आठवड्यांनी फॅक्स आला. लिहिलं होतं, आकड्याला आकडा लावला तर काम अप्रतिम आहे. अदलाबदल केली तर निम्मे ट्रिगर बसत नाहीत, आणि जे बसतात त्यांतले काही थांबत नाहीत. तुम्हांला काय हवं हे कळलेलं दिसत नाही. आमचा माणूस दोन महिन्यांनी भारतात येतो आहे. तो स्वतः अदलाबदल करून पाहील. तेव्हाही हेच झालं, तर विषय संपला.

रेड्डीसाहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "चूक कोणाची?"

माणिकराव म्हणाले, "हात माझा होता. माझी."

 त्या दिवशी मी खोलीवर येऊन ड्रॉइंग उलगडलं आणि चूक दिसली. ट्रिगर बॉडीला खालून लागतो, खिटी खालून वर येते, आणि दट्ट्याच्या भोकाचं माप मी दिलं होतं बॉडीच्या वरच्या कडेपासून. प्रत्येक बॉडीच्या जाडीत जो थोडा फरक पडायचा, तो सगळा नेमका खिटीच्या उंचीत येत होता. हे कळायला पदवीही लागत नव्हती. पुढचे दोन दिवस मी कारखान्यात कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. सहा महिन्यांची बोली संपायला सहा-सात आठवडे उरले होते.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांपाशी गेलो. "काका, चूक तुमची नाही. माप मी उलटीकडून दिलंय."

ते डबा उघडत होते. "हौ. ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू ड्रॉइंग दिलंस त्या दिवसापासून."

मला रागच आला. "मग सांगितलं का नाही?"

त्यांनी झाकण खाली ठेवलं. "म्हटलं, पोरगं नवं आहे, कायकू तोडायचं. कानशीने काढून टाकू. तीस वर्षं तेच केलं ना मी. साहेबांनी चुकीचं काढायचं, मी कानशीने बरोबर करायचं. सगळे म्हणायचे, माणिकरावांचा हात म्हणजे हात. एका साहेबाला सुद्धा आपली चूक कळली नाही रे. तुझीही मी पुसून टाकली. ती चूक तुझी, पण लपवली मी." डबा माझ्याकडे सरकवून म्हणाले, "जेव. मग दोघं जाऊ रेड्डीगारूंकडे."

गेलो. माप मीच उलटीकडून दिल्याचं रेड्डीसाहेबांना सांगितलं. माणिकराव म्हणाले, "यालाच काढू द्या पुन्हा. दुसरा आला तर दुसरी चूक करील. याची ही तरी करून झाली." साहेबांना हसू आलं आणि मी राहिलो.

नवं ड्रॉइंग आम्ही दोघांनी मिळून केलं. सगळी मापं बॉडीच्या खालच्या सपाट पृष्ठापासून, जिथे ट्रिगर बसतो तिथून. काका म्हणायचे, "ज्याच्या घरी जायचंय त्याच्या दारापासून मोज." पूर्वी ट्रिगरची जागा स्क्रूच ठरवत होते. आता स्क्रूकडे फक्त आवळायचं काम ठेवलं आणि जागा ठरवायला दोन पिना दिल्या. दोन्ही पिनांना घट्ट गोल भोकं मी काढली, तर काकांनी एकावर फुली मारली. "एक पाहुणा पाटावर बसला की दुसऱ्याला जरा सरकायला जागा ठेव. नाहीतर दोघांचे गुडघे लागतात." म्हणून दुसरं भोक लांबट केलं. तीन प्रकारचे ट्रिगर त्याच दोन पिनांवर बसू लागले.

मग त्यांनी जे केलं ते कारखान्यात कोणालाही पटलं नाही. त्यांनी जुळणीच्या टेबलावरच्या सगळ्या कानशी गोळा केल्या. युसूफभाईंच्या, इतरांच्या, आणि शेवटी स्वतःची, बाभळीच्या मुठीची, सरकारी कारखान्यापासून जवळ असलेली. कपाटात ठेवून कुलूप लावलं. पंचाचे आकडेही आत टाकले. आता नियम असा: कडांवरची धार मशीनवरच निघेल, जुळणीला फक्त ॲलन-की. नाही बसलं तर भंगारात.

"उस्ताद," युसूफभाई चिडून म्हणाले, "दो हाथ मारे तो बैठ जाता. और आप फेंकने बोल रहे?"

"हौ. फेंको."

"मेरा हाथ किस काम का फिर?"

"वो पार्ट उठाके मशीनवाले के सामने रखो, और पूछो, ऐसा कायकू आया. वो काम का."

पहिल्या आठवड्यात भंगाराची पेटी भरली. प्रत्येक फुकट गेलेल्या बॉडीबरोबर काका मला मशीनपाशी नेत आणि विचारत, "कुठं गेलं?" मी शोधायचो. कधी पकड सैल असे, कधी हत्यार झिजलेलं असे, दोनदा माझंच माप मशीनला न जमण्याइतकं अवघड निघालं. काका बाजूला हात मागे बांधून उभे राहत. उत्तर त्यांना आधीच ठाऊक असे, हे चेहऱ्यावरून कळायचं. पण ते बोलत नसत. पाचव्या आठवड्यात पेटीचा तळ दिसू लागला.

पाहुणा आला. उंच, घामाघूम झालेला गोरा माणूस. चहाला नको म्हणाला. चाळीस बॉडी टेबलावर पसरल्या, पत्त्यांसारख्या पिसल्या, ट्रिगरचे तीन ट्रे शेजारी ओढले आणि हाताला येईल ते हाताला येईल त्यावर लावायला लागला. लावायचा, चाप ओढायचा, काढायचा, दुसरा लावायचा. दोन तास हेच चाललं होतं. रेड्डीसाहेब खुर्चीवर बसत आणि लगेच उठत.

एका बॉडीवर ट्रिगर अडला. त्याने काढून पुन्हा दाबला. बसेना. युसूफभाई काकांच्या कानाशी आले. "उस्ताद, चाबी दो. एक मिनट. एक हाथ."

पाहुणा खाली पाहत होता. कपाट चार पावलांवर होतं. काकांचा हात खिशात गेला. चावी खिशातच होती, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्यांनी ती द्यावी असंच मला वाटत होतं.

"नक्को," काका म्हणाले. पुढे होऊन त्यांनी ती बॉडी पाहुण्याच्या हातून घेतली, पिनेच्या भोकावरून अंगठा फिरवला आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, धिस वन बॅड. अवर मिस्टेक. थ्रो." आणि भंगाराच्या पेटीत टाकली.

पाहुण्याने पेटीत डोकावून पाहिलं. मग पुढची बॉडी उचलली. उरलेल्या एकोणचाळीसांवर तिन्ही प्रकारचे ट्रिगर बसले, आणि एकही सुटून चालू राहिला नाही. शेवटी त्याने चहा मागितला. ऑर्डर आली. म्हटली होती त्याच्या निम्मी आली, पण आली.

या यशाचा सगळ्यांनाच आनंद झाला असं नाही. जुळणीला आता चारऐवजी दोन माणसं पुरत. युसूफभाई वर्षभरात आखातात गेले. जाताना काकांना म्हणाले, "अपने हाथ की ज़रूरत आपने खुद ख़तम कर दी, उस्ताद." काकांनी वाद घातला नाही. फक्त "हौ" म्हणाले, आणि त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

चार वर्षांनी मी पुण्याला नोकरी धरली. काकांनी काम सोडलं होतं. उजव्या हाताला कंप आला होता. एकदा चिक्कडपल्लीला भेटायला गेलो, तेव्हा नव्या कारखान्यातलं माझं एक ड्रॉइंग घेऊन गेलो होतो. पंपाचं झाकण. खरं तर शाबासकीसाठी. त्यांनी चष्मा लावून अर्धा तास पाहिलं. काकूंनी चहा दोनदा गरम केला.

"चूक आहे," ते म्हणाले.

"कुठं?"

"नाही सांगणार."

"काका, पुढच्या आठवड्यात हे कामाला जायचंय."

"मग पुढच्या आठवड्याच्या आत शोध." कागदाची गुंडाळी करून त्यांनी माझ्या हातात दिली. हात थरथरत होता, पण गुंडाळी घट्ट होती.

पुण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी सापडली. एका खाचेची खोली मी अशा पृष्ठापासून दिली होती, जे मागाहून कापलं जाणार होतं. दुरुस्त केलं आणि आनंदाने पोस्टकार्ड टाकलं. दहा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर काकूंचं, बोलणं काकांचं. 'एक मिळाली. चांगलं झालं. अजून बघ.'

मी अजून बघत होतो, तेवढ्यात वकील भावाचं पत्र आलं. माणिकराव झोपेतच गेले होते.

पंपाची झाकणं बनली, बसली आणि अजून बनतात. त्यांच्याविषयी तक्रार आलेली नाही. ते ड्रॉइंग मी आजवर किती वेळा उलगडलं असेल याची मोजदाद नाही. दुसरी चूक मला सापडलेली नाही. ती खरंच होती, की मी बघणं थांबवू नये म्हणून काकांनी तसं लिहवून घेतलं, हे कळायला आता मार्ग नाही. माझ्या हाताखालची मुलं ड्रॉइंग आणून ठेवतात आणि विचारतात, "सर, ठीक आहे ना?" चूक दिसली की तोंडावर आलेलं उत्तर मी गिळतो आणि म्हणतो, "एक आहे. शोध."