घरामागची भेग

मी रत्नागिरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. सह्याद्री कसा झाला, हा पाठ मी वर्षानुवर्षं फळ्यावर दोन रेघा मारून उरकायचे. लाव्हाचे थर साचले, किनाऱ्याकडची जमीन खचली, आतली उचलली गेली, मग पावसाने ती कोरून काढली. ‘लाखो वर्षं’ हे शब्द तोंडातून सहज निघायचे.

बाबा देवरूखच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी एकटे राहायचे. आई गेल्यापासून भात आणि एक गाय, एवढाच त्यांचा संसार. श्रावणात एकदा फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ठेवता ठेवता ते म्हणाले, "घरापाठी काजूत जमीन फाटलेय जराशी. विहिरीचं पाणीपण गढूळ येतंय."

ही दरड कोसळण्याची लक्षणं, मला घरात बसवेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पहिली एसटी धरली. भेग चांगली हातभर रुंद होती, काजूच्या मुळांमधून आडवी गेलेली. बाबांनी तिच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून मध्ये सुतळी बांधली होती. "परवा ढिली बांधलेली," ते म्हणाले. आता ती ताठ झाली होती.

ग्रामपंचायतीने कळवल्यामुळे दुपारी एक तरुण भूवैज्ञानिक बाई आल्या. त्या बराच वेळ उतारावर फिरल्या. मग पडवीत बसून वरच्या कड्याकडे बोट दाखवत बाबांना म्हणाल्या, "हा कडा पूर्वी इथे नव्हता, काका. पार समुद्राच्या बाजूला होता. ओढे-नद्या त्याला कुरतडत गेल्या, तसा तो मागे हटत आला."

"मग अजून उंच कसा?" बाबांनी विचारलं.

"मचव्यातली मासळी उतरवली की मचवा वर येतो ना, तसं. इथली दगडमाती वाहून गेली, भार हलका झाला, जमीन हळूहळू वर येत राहिली. वरून झीज, खालून उचल, दोन्ही चालूच आहे." उठता उठता त्या म्हणाल्या, "पण हा उतार तेवढी वर्षं थांबणार नाही. आजच घर सोडा."

त्या गेल्यावर बाबांनी मान हलवली. "मी नाय यायचो. गाय हाय, भात हाय."

समजावून झालं, चिडून झालं. शेवटी मी पिशवी खुंटीला अडकवली. "मग मीपण इथंच राहते. शाळा बुडू दे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि गोठ्यात जाऊन गायीचं दावं सोडलं.

खालच्या वाडीत चुलत्यांकडे आम्ही दोन दिवस काढले. मी सारखी अंगणात येऊन वर बघायचे. तिसऱ्या दिवशी भरदुपारी आवाज झाला, पण कानाआधी तो तळपायांना कळला. काजूची झाडं उभीच्या उभी खाली सरकताना दिसली. धूळ नव्हती, नुसता लाल चिखल. गोठा गेला, घराची मागची बाजू गेली, वरचे दोन मळे गाडले गेले.

बाबा त्या चिखलाशी जाऊन उभे राहिले. मूठभर माती उचलून म्हणाले, "आपले मळे असेच झाले असणार, बाय. कधीतरी हीच माती वरून आलेली."

रत्नागिरीत माझ्याकडे ते दोन महिने राहिले. दिवसभर गॅलरी ते दार, दार ते गॅलरी. दिवाळीनंतर खालच्या वाडीत, त्याच बाईंनी पाहून दिलेल्या सपाट जागेवर, दोन खोल्या बांधल्या तेव्हा कुठे त्यांचा पाय ठरला.

माझा अजून ठरलेला नाही. तो पाठ आता एका तासात संपत नाही, आणि ‘लाखो वर्षं’ म्हणताना मी अडखळते. गेल्या वर्षी बाबांनी दरडीबरोबर खाली आलेल्या त्या नव्या मातीत नाचणी केली. बरी आली. शेताच्या बांधावर बसून त्यांनी मला भाकरी वाढली. मी खाल्ली, पण सगळा वेळ डोळे वरच्या उतारावरच होते.

"नीट जेव गो," बाबा म्हणाले.