तीन बापांचा भावेश

पालेगावात कुणाचं लग्न ठरलं की मुहूर्ताआधी भगवंत भोईरांना बोलावणं जायचं. बैठक बसायची आणि भगवंतदादा कामं वाटून द्यायचे. पाणी एका घराकडे, तांदूळ दुसऱ्याकडे, मासळी वरच्या आळीकडे, आल्यागेल्याला उतरवून घेणं खालच्या आळीकडे. वाटणी झाली की नवऱ्या मुलाच्या बापाकडे कुणी मीठ मागायला जायचं नाही, हा त्यांचा दंडक. "त्यानी नुसता हात जोडून उभा रावाचा," ते म्हणायचे. "मिठाला मिठावाला हाय."

स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र हा दंडक तेच विसरले.

त्यांचा एकुलता एक मुलगा भावेश एसी दुरुस्तीचं काम शिकून एका दलालामार्फत आखातात गेला होता. सुरुवातीला रोज फोन यायचा. मग फोन थांबले. एके दिवशी दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलवरून तो घाईघाईने बोलला. कंपनीने पासपोर्ट काढून घेतला आहे, पगार देत नाहीत, शहराबाहेरच्या कॅम्पातून बाहेर पडू देत नाहीत. त्याने कंपनीचं नाव सांगितलं आणि फोन कट झाला. त्याच्या आईने, सखूने, देव पाण्यात घातले.

सगळं भोईर घर उठलं. मधला भाऊ कैलास नगरसेवकाला घेऊन खासदारांच्या कचेरीत गेला आणि तिथून तक्रार पाठवली. धाकटा जयदेव उल्हासनगरात एका सिंधी शेटच्या गोदामात कामाला; त्याने शेटच्या मुलाकडून मोबाइलवर सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार भरून घेतली. भगवंतदादांनी स्वतः एक अर्ज पोस्टाने पाठवला. कुणी कुणाला विचारलं नाही. आपल्या घरातल्या पोरासाठी कशाला विचारायचं?

तरी काही हलेना. शेट जयदेवला म्हणाला, "साईं, बड़े आदमी को पकड़ो." म्हणून भगवंतदादा आणि जयदेव दिल्लीला निघाले, थेट परराष्ट्र मंत्र्यांना भेटायला. गावाभोवती उठलेल्या टॉवरच्या सावलीत उरलेल्या शेताच्या तुकड्यावर पिकलेला तांदूळ भगवंतदादांनी एका पिशवीत भरला. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? सखूने वर सुक्या बोंबलांची पुडी ठेवली.

मंत्रालयाच्या फाटकावर पिशवी मशिनीतून गेली आणि शिपायाने नाकाला रुमाल लावला.

"ये क्या है?"

"मिनिस्टरसाब के लिए," जयदेव म्हणाला. "घर का है."

"मिनिस्टरसाब के घर का?"

"हमारे घर का!"

शिपाई हसला, पिशवी ठेवून घेतली आणि चौकशी करून त्यांना आत पाठवलं. आतला रुंद जिना पाहून भगवंतदादांनी चपला काढल्या. जयदेवने दटावलं, "दादा, देऊळ नाय ह्या!" त्यांनी परत घातल्या, पण पाय जपूनच टाकले. दारादारावर पाट्या होत्या. एका पाटीवर आफ्रिकेचं नाव, दुसरीवर युरोपाचं, पुढे नेपाळ आणि भूतान. सगळी दुनिया कुणीतरी खोल्याखोल्यांत नीट लावून ठेवली होती.

एका खोलीत मालिनी मॅडम बसल्या होत्या. मूळच्या सांगलीच्या. मराठी ऐकून भगवंतदादांचे डोळे भरून आले.

"काका, मंत्रीसाहेब परदेश दौऱ्यावर आहेत," त्या म्हणाल्या. "पण ते इथे असते तरी तुमचं काम फिरून या टेबलावरच आलं असतं."

"मंग ह्या येवऱ्या घरात कोन काय करतो, मॅडम?"

त्यांनी खिडकीतून समोरचा उंच मजला दाखवला. वर मंत्री, देशाने कुणाशी कसं वागायचं ते ठरवतात, त्याचा जाब संसदेला देतात. त्यांच्या मदतीला राज्यमंत्री. त्यांच्या खाली परराष्ट्र सचिव, नोकरीतला सगळ्यात वरचा माणूस. मंत्री बदलले तरी घडी मोडू न देणारा. मग आणखी सचिव, त्यांच्यात जगाची वाटणी. प्रत्येक भागाला एक विभाग, त्यावर सहसचिव, खाली अधिकारी. काही विभाग देशांचे नाहीत, कामाचे आहेत. कुणी पाहुण्यांचा मानपान बघतो, कुणी पासपोर्ट, कुणी परदेशात अडकलेली माणसं. आणि समुद्रापलीकडे देशोदेशी दूतावास. तिथे राजदूत, त्यांच्या हाताखाली कामगारांसाठी वेगळा अधिकारी.

भगवंतदादा ऐकता ऐकता पुढे सरकले. "म्हंजी वाटनी झाली हाय," ते हळूच म्हणाले. "येवऱ्या मोठ्या दुनियेची. आन मी नवऱ्याच्या बापाकडं मीठ मागाला आलू."

मॅडमना ते कळलं नाही. त्या संगणकाकडे वळल्या होत्या. "तुमच्याकडचं प्रकरण मी तिथल्या दूतावासाला पाठवलंय. पालेगावचे तीन भावेश भोईर एकाच कंपनीत अडकलेत. तुम्ही त्यातल्या कुणाचे वडील?"

"तीन?"

"भावेश कैलास, भावेश जयदेव आणि भावेश भगवंत. पासपोर्टचा नंबर एकाचाही नाही. तिघांच्या वडिलांनी वेगवेगळी तक्रार केलीय."

भगवंतदादांनी वळून भावाकडे पाहिलं. "काय लिवलास रं तू?"

"माजा पोर, असा लिवला," जयदेव म्हणाला. "मंग काय परक्याचा लिवू? कैलासदादानीपन तसाच लिवला असंल."

पालेगावात चुलता कधी पुतण्या म्हणत नाही. पोर म्हणजे घराचा पोर, जो पुढे होईल तो बाप. पण दिल्लीला हे कसं कळावं! भगवंतदादांना दोन्हीकडून पेच पडला. खोटं ठरलं तर खऱ्या भावेशचंही नाव काढून टाकतील. गप्प बसावं तर तिथला साहेब नसलेल्या पोरांना शोधत बसेल. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, पोर एकच हाय. बाप तीन हाईत. चूक आमची. पन त्याला सोरू नका."

मॅडम हसल्या आणि एकदम गंभीर झाल्या. "आमच्या दूतावासाचा माणूस आज तिथल्या पोलिसांना घेऊन कॅम्पातच गेलाय. तिघांना घेतल्याशिवाय परतू नकोस, असं मीच सांगितलंय." त्यांनी फोन लावला आणि टेबलावर मधोमध ठेवला. समुद्रापलीकडची घंटी त्या खोलीत वाजू लागली. जयदेव नखं खात होता.

"येस मॅडम," पलीकडून आवाज आला. हिंदी, पण दाक्षिणात्य वळणाची. "मालकाने एकच मुलगा पुढे केला. म्हणाला, भावेश एवढाच आहे. मी म्हटलं, माझ्याकडे तिघांची नावं आहेत, मी हलणार नाही. मग पोलिसांनी मागची खोली उघडायला लावली. आत आणखी दोघं होते. विचारलं, भावेश कौन है, तर दोघांनी हात वर केले."

मॅडमनी फोन जवळ ओढला.

"पण मॅडम, त्यांतला एक बिहारचा आहे आणि एक तेलंगणाचा. आता रडतायत. म्हणतात, साहब, भावेश नहीं हैं, पर ले चलो."

"पहिल्या मुलाला फोन दे," मॅडम म्हणाल्या.

"हॅलो?" भावेशचा आवाज आला.

"भावेश!" भगवंतदादा एवढंच म्हणू शकले. जयदेवने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. पलीकडे मुलगा रडत होता आणि मधूनच म्हणत होता, "बाबा, हे दोघं... ह्यांच्या घरच्यांना तर ठावंपन नाय..."

भगवंतदादांना वाटलं, आता विचारतील: बाकीचे दोघं तुमचे नाहीत ना? आणि दार पुन्हा बंद होईल. विचारायची वाट न बघता ते मोठ्याने म्हणाले, "मॅडम, ते दोघंपन माजेच हाईत. लिवून घ्या. एक कैलासचा, एक जयदेवचा."

"लिवा, लिवा," जयदेव म्हणाला.

मालिनी मॅडमनी मान हलवली. "काका, कुणाला बाप दाखवायची गरज नाही. ते भारताचे आहेत, तेवढं पुरे. तिघंही येतील."

बाहेर पडताना भगवंतदादांनी त्या उंच मजल्याकडे पाहिलं. वरच्या साहेबाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. तरी वाटणी इतकी पक्की की समुद्रापलीकडच्या एका कुलुपापर्यंत हात पोहोचला होता. त्यांनी तिथेच उभं राहून नमस्कार केला, मांडवाला करतात तसा.

फाटकावर शिपायाने पिशवी परत दिली. भेटवस्तू घ्यायला मनाई होती. "अंदर काम हो गया?" त्याने विचारलं. "हो गया," भगवंतदादा म्हणाले, "जादा हो गया."

कागदपत्रं होऊन तिघं मुंबईला उतरले. दोघांच्या पुढच्या गाड्या दुसऱ्या दिवशी होत्या, म्हणून भावेश त्यांना पालेगावला घेऊन आला. सखूने दिल्ली फिरून आलेला तो तांदूळ रांधला. शेजारीण डोकावली. "कोन गं पोरं?"

सखूने भात वाढता वाढता सांगितलं, "आमचीच."