आईचं पापनिवेदन

माझी आई गोव्याची. सेलूला माझ्याकडे राहायला आल्यापासून इथल्या चर्चमधल्या रविवारच्या मिस्साची रीत तिला कधी पटलीच नाही. चपला बाहेर काढून सतरंजीवर बसायचं, गाण्याला ढोलकी, मध्येच आरती. गुडघ्यांमुळे तिच्यासाठी खुर्ची ठेवत, तर एकटी उंच बसायचीही तिला लाज. सगळ्यात खुपायचं ते मिस्सात एकमेकांना 'शांती असो' म्हणत शांती देतानाचं. तिच्याकडे शेजाऱ्याचा हात हातात घेतात, इथे लांबूनच नमस्कार करतात. "पाहुण्यांना केल्यासारखा," असं म्हणत ती माझा हात ओढून घ्यायची.

ईस्टर जवळ आला तसा तिने वेगळाच घोर लावला. फादरांपुढे पापनिवेदन केल्याशिवाय ती कम्युनियनचा प्रसाद घेईना, आणि मराठीत पापं काही तिच्या तोंडून निघेनात. सगळे उठून पुढे जायचे, ही खुर्चीतच. माझा जीव वरखाली व्हायचा. फादर तमिळ, मराठी इथे येऊन शिकलेले. ते म्हणाले, दुभाषी चालतो, तुम्हीच बसा.

"तुजे मुखार? ना," आई माझ्याकडे न बघताच म्हणाली.

माझ्यासमोर नाही म्हणजे काय? ते फार लागलं मला. घरी भांडी आदळली, तरी तिने काही सांगितलं नाही.

शेवटी फादरच म्हणाले, कोकणीतच सांगा, देवाला कळतं. पुढच्या रविवारी मिस्साआधी व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकल्या. आत हॉल भरलेला, मला खिडकीखालीच जागा मिळाली. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचा आवाज नेहमीच चढा.

"आज्जी लय मोठ्यानं बोलायल्यात की," शेजारची बाई हसत म्हणाली. तिला काय, एक शब्द कळत नव्हता. कोकणी कळणारी तिथे मी एकटीच होते.

काय ऐकलं ते लिहिणार नाही. नकळत कानावर पडलं तरी ते बाहेर बोलायचं नसतं. पाप माझ्याबाबतीतलं होतं, एवढंच. फादरांनी काही न कळता क्षमा दिली आणि आई हलकी होऊन आत आली.

त्या मिस्सात माझं कशातच लक्ष लागेना. सारखी मांडी बदलत होते. राग येत होता, रडूही येत होतं. शांती द्यायची वेळ झाली. आईने खुर्चीतून वाकून हात पुढे केला. चेहरा इतका निवांत, की कितीतरी दिवसांत तसा पाहिला नव्हता.

मी इथल्या रीतीप्रमाणे लांबूनच हात जोडले.