आठवड्याचा पगार

माझी मोठी वहिनी इथल्या एका फाउंड्रीत वाळूचे कोअर, म्हणजे ओतकामाच्या साच्यात बसवायचे गाभे, बनवते. भाऊ वारल्यापासून ती आमच्यातच राहते. तिचा पगार आठवड्याचा होता. सुटीच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात पडत. त्यातले बरेचसे ती माझ्या बायकोकडे देई आणि उरलेल्यातून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मुरगूडला माहेरी आपल्या आईकडे जाई. पिशवीत केळी, मऊ पाव आणि मिश्रीची पुडी. आईला विसर पडायला लागला होता. घरातल्या नातवंडांचीही नावं तिला आठवत नसत. पण ही आठवड्याला जाऊन तिचे केस विंचरायची, म्हणून असेल, लेकीचा हात केसांना लागला की ती तिचं नाव घ्यायची.

गेल्या वर्षी कारखान्यानं पगार महिन्यावर नेला. पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, बँकेत. मी नियम वाचून पाहिला. कायद्याला आठवडा चालतो, महिनाही चालतो. वर्षाची बेरीज तीच येते, असं मी वहिनीला सांगितलं.

"बेरीज येतीया हो भावजी. तुमचा कायदा आमच्या आईला जाऊन सांगा की. महिनाभर वळख ठेव म्हणावं."

आम्ही सगळेच हसलो.

पण पहिला पगार यायला सगळा महिना आणि वर सात दिवस जायचे होते, आणि वहिनी मुरगूडला जाईना. मोकळ्या हातानं माहेरी जायचं नाही, ही तिची रीत. मी पैसे पुढं केले.

"दिराच्या पैशाची केळी नेऊ? भावजय काय म्हणंल?"

"मग तुम्ही घरात दिलेलेच परत घ्या."

"घरात दिलं ते घराचं झालं. सातला पगार हाय, मग जाईन. आई कुठं पळून जातीया व्हय?"

पगार सात तारखेला, ठरल्याप्रमाणे जमा झाला. त्या सुटीला वहिनी पिशवी गच्च भरून गेली. संध्याकाळी परत आल्यावर तिनं स्वयंपाकघरात रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. मग तिनं सांगितलं. आई पुढच्या सोप्यात बसली होती. हिनं फणी घेऊन केसांना हात लावला, तर आईनं डोकं मागं घेतलं.

"कुठल्या गावच्या पावण्या तुम्ही?"

मग आईनं आत सुनेला हाक मारली, पावण्यांना चहा ठेव म्हणाली. वहिनीनं तो चहा पाहुणीसारखा बसून घेतला.

मी म्हणालो, "आता दर आठवड्याला जात जा. पैसे माझ्याकडून घ्या, पगार झाला की वळते करू."

"पैसं कशाला, भावजी? आता मोकळ्या हातानं गेलं तरी चालतंय. लेक आलीया हे तिला कुठं ठावं हाय?"

पुढच्या सुटीला ती पिशवी न घेता, नुसतं गाडीभाडं घेऊन निघाली.