शेवंतामावशींच्या वेणीचं तेल

आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या शेवंतामावशी रांगेत माझ्या मागे होत्या, म्हणून माझा बेकारी भत्ता वाचला. कंपनी आता बंद पडली आहे. पूर्वी भत्त्याला मालकाची सही लागायची; आता नियम बदलला, यंत्रावर नुसता आपला अंगठा पुरतो. आठवीत शाळा सोडलेल्या मला हे सोपं वाटलं. पण ग्राइंडरवर काम करून अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या. आज अर्जाचा शेवटचा दिवस, आणि यंत्र मला ओळखेना.

"अंगठा केसांवरून फिरव, तेल लागलं की ठसा उठतोय," मावशी म्हणाल्या.

"तेल लावलंच नाही, मावशी."

"आई लांब दिसतीय तुझी!" म्हणत त्यांनी माझा अंगठा सरळ आपल्या वेणीवर घासला. रांग हसली. हिरवा दिवा लागला.

बाहेर पडताना पाहिलं, तर अख्खी रांग आपापली डोकी चोळत होती. मालकाच्या दारात जावं लागत नाही, हे फार बरं झालं. पण कामानंच माणसाची खूण पुसली, तर ओळख पटवायला शेजारचंच कुणी लागतं.

बोटाला अजून खोबरेलाचा वास येतोय, घरच्यासारखा. काम लागू दे, मावशी. तेलाची मोठी बाटली घेऊन तुमच्या दारात येतो.